चूळ न भरलेला अर्धा तास

आमच्या आप्पांची चूळ ऐकून शहाडची आमची चाळ जागी व्हायची. यात अतिशयोक्ती नाही. पहाटे दात घासून झाले की ते तांब्याभर पाणी घेऊन मोरीत बसायचे आणि दहा-बारा चुळा भरायचे. आधी गाल फुगवून खळखळ, मग मान वर करून घशात गुळण्या, आणि शेवटची पिचकारी थेट समोरच्या भिंतीवर. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "तुमच्या घरी गजराचं घड्याळ कशाला हवं?" आप्पांना त्यात कौतुकच वाटायचं. तोंड स्वच्छ तर माणूस स्वच्छ, हे त्यांचं ठाम मत. लहानपणी शाळेला उशीर होतोय म्हणून मी दोन चुळांवर भागवलं, तर ते मला परत मोरीत धाडायचे.

अशा माणसाला वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दात घासल्यावर चूळ भरायची नाही.

हे कसं झालं ते सांगते. आप्पा क्लॅरनेट वाजवतात. आंबिवलीच्या एका कारखान्यात त्यांची नोकरी होती आणि तिथल्याच दहा-बारा कामगारांनी मिळून एक बँड काढलेला. आठवडाभर यंत्रावर, सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या वरातीत. कारखाना बंद झाला, बँडमधले काहीजण कोकणात गावी परतले, काही वारले. आप्पांचं क्लॅरनेट तेवढं राहिलं. दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या विहारात वंदना झाली की आप्पा उभे राहतात आणि चांगलं पाऊण तास वाजवतात. त्यानंतर खीर. मला आठवतंय तेव्हापासून यात खंड नाही. एका वर्षी त्यांना ताप होता, तर आईने कपाळावर ओला रुमाल बांधून पाठवलेलं आणि लोकांना तो बँडचा नवा पोशाख वाटलेला.

क्लॅरनेट वाजवायला श्वास लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. दातही लागतात, हे मला पन्नाशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. खालचा ओठ आत दुमडून घ्यायचा आणि वरचे पुढचे दोन दात वाद्याच्या तोंडावर टेकवायचे. सगळा भार त्या दोन दातांवर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले होते. आप्पांनी सहज म्हणून क्लॅरनेट काढलं, तोंडाला लावलं आणि लगेच खाली घेतलं. चेहऱ्यावर एक कळ येऊन गेली. "तोंडाकडची वेताची पट्टी बदलायला झालीय," म्हणाले. मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवीतली मुलं गृहपाठाबद्दल कशी थापा मारतात हे बघण्यात माझा जन्म गेलाय. मी त्यांना खिडकीशी नेलं आणि म्हटलं, "आ करा."

दोन्ही दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, तपकिरी रेघ होती.

आप्पांना मी कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेले. दवाखाना एका फरसाणाच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे तिथे बसलं की तळलेल्या पापडीचा वास येत राहतो. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी, शांत आणि कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायची तयारी असलेली. तिने आप्पांचा दात एका बारीक सळीने टोचून बघितला. सळी किंचित रुतली. मला ते तिच्या खांद्यावरून दिसलं.

"काका, दिवसभर काही चघळता का?" तिने विचारलं.

आप्पा म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "खडीसाखर." ही बँडवाल्यांची जुनी सवय. फुंकून फुंकून घसा सुकतो, म्हणून गालात खडीसाखरेचा खडा धरायचा. हल्ली रक्तदाबाच्या आणि आणखी कसल्याकसल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायला लागलं, तसे खडे वाढले. शर्टाच्या खिशात एक चपटी डबीच असायची.

"तेच," डॉक्टर म्हणाली. "बघा काका, साखर तोंडात आली की तिथले जंतू ती खातात आणि ॲसिड सोडतात. ॲसिडने दातातली खनिजं निघून जातात. लाळ ती परत आणून बसवते. हे जाणं-येणं दिवसभर चालूच असतं. तुमच्या तोंडात लाळ कमी आणि साखर सारखी, त्यामुळे जाणं फार आणि येणं थोडं. त्यात तुमच्या हिरड्या वर सरकल्यात. मुळाकडच्या भागाला बाकीच्या दातासारखं कडक कवच नसतं, तो लवकर किडतो."

"मग दात काढणार?" आप्पांनी विचारलं.

"नाही, थांबवायचं बघू. फ्लोराइड असतं ना पेस्टमध्ये, ते येणाऱ्या खनिजांना बसायला मदत करतं. आणि जे बसतं ते आधीपेक्षा टणक असतं, ॲसिडला लवकर दाद देत नाही. कीड अजून खोल गेलेली नाही. आता मऊ आहे ते कडक झालं, तर दात वाचले. तर फ्लोराइडवाली पेस्ट, दोन वेळा. आणि घासल्यावर चूळ भरायची नाही."

आप्पांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "किती चुळा?"

"एकही नाही. फेस थुंकायचा आणि गप्प बसायचं. अर्धा तास पाणी नाही, चहा नाही. तुम्ही चांगली पेस्ट लावता आणि लगेच धुऊन टाकता, मग दातावर काय राहणार?"

 आप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे उष्ट्या तोंडाने बसायचं?"

एवढं झाल्यावर तिने दातांना लावायला एका छोट्या ब्रशवर पिवळसर चिकट लेप घेतला. त्याला फ्लोराइडचं व्हार्निश म्हणतात, हे तिने सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "मी काय कपाट आहे?" ती मनापासून हसली आणि त्याच हसण्यात तिने दोन्ही दात रंगवून टाकले. दर तीन महिन्यांनी हा लेप लावायचा होता. निघताना आप्पांनी दारात थांबून तिला विचारलं, "दात गेले आणि कवळी बसवली, तर कवळीवर क्लॅरनेट वाजतं का?"

"खरं सांगू का काका, मला माहीत नाही. आजवर कोणी विचारलंच नाही."

 जिना उतरून फरसाणाच्या दुकानासमोरून आप्पा न थांबता पुढे गेले, तेव्हा मला कळलं की मनाला लागलंय. वैशाखाला सहा महिने होते. सहा महिन्यांत त्या दोन दातांचं काय होणार यावर पौर्णिमेची संध्याकाळ अवलंबून होती, आणि आमच्या घरात पौर्णिमेची संध्याकाळ ही काही लहान गोष्ट नाही. मला खरोखर भीती वाटली. मला भीती वाटली की मी हुकूम सोडायला लागते, हा माझा स्वभाव. त्याच दिवशी मी खडीसाखरेची डबी जप्त केली, आईला दहा सूचना दिल्या आणि रोज सकाळी फोनवर हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"चूळ भरली?"

"नाही भरली."

"नक्की?"

"अगं, तुझ्या आईची शपथ."

पाच दिवस मी खूश. सहाव्या दिवशी फोन आईने घेतला. आईला तिचे स्वतःचे दात नाहीत. तरुणपणी मशेरी लावून लावून हिरड्या गेल्या आणि मागोमाग दात, आता पूर्ण कवळी. त्यामुळे दातांच्या बाबतीत ती तटस्थ असते. ती म्हणाली, "चूळ नाय भरत ते. पण घासल्या घासल्या तांब्याभर पाणी पितात. उभ्या उभ्या."

आप्पांनी फोन घेऊन खुलासा केला. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी प्यायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. आणि डॉक्टरबाईंनी चूळ मना केलेली. "चूळ थुंकतात. मी तर गिळतो," ते म्हणाले. तांब्याभर पाणी तोंडातून गेलं की दातावर फ्लोराइड कुठलं राहायला? पण असल्या युक्तिवादाला फोनवरून उत्तर देता येत नाही. समोरच जाऊन बसायला हवं, असं मी ठरवलं.

माझं घर माहेरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, कल्याणच्या बाजूला. शाळा सकाळची, सातची. तोवर मी माहेरी रविवारी जायची, भाजीची पिशवी आणि तक्रारींची यादी घेऊन, आणि तासाभरात परत. आता रोज सहाला जायला लागले. आप्पा दात घासायचे, थुंकायचे, टॉवेलने ओठ पुसायचे आणि बाहेर गॅलरीत खुर्चीवर येऊन बसायचे. समोर दुसऱ्या खुर्चीवर मी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. आत आई चहा करून त्यावर झाकण ठेवायची. साडेसहा वाजले की पाणी, मग चहा, मग मी शाळेला.

पहिले दोन-तीन दिवस आप्पा नुसते धुमसत बसले. तोंडात काहीतरी राहिलंय म्हणून ओठ घट्ट मिटलेले, बोललं तर पेस्ट बाहेर येईल अशी चिंता. चाळीतले लोक येता-जाता चौकशी करू लागले. चुळेचा आवाज बंद झाल्यामुळे दोन घरांना आप्पा आजारी असल्याची शंका आली होती. एक काका तर हळूच आईला विचारून गेले, "बरे आहेत ना?" आई म्हणाली, "बरे आहेत, शिक्षा चाललीय."

चौथ्या दिवशी आप्पा बोलायला लागले. रिकामा बसलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? चहा नाही, पेपर अजून आलेला नाही, समोर मुलगी घड्याळ लावून बसलेली. त्यांनी सुरुवात खडवलीच्या एका लग्नापासून केली. बँड घेऊन ते सगळे खडवलीला गेलेले. बघतात तर नवरदेवाचा एक गाल टम्म सुजलेला. आदल्या रात्रीपासून दाढ ठणकत होती. मुलीकडचे म्हणू लागले, जावई मांडवात तोंडात पान कोंबून आलाय, काय रीत आहे ही? वाद वाढत चालला. शेवटी आप्पांच्या बँडमधल्या ढोलवाल्याने नवरदेवाला सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावलं आणि दोन्हीकडच्या मंडळींनी ओळीने येऊन ती दाढ बघितली. "पाहुणे मुलगी बघायला येतात ना, तसे दाढ बघायला आले," आप्पा म्हणाले. "मग मी जरा हळू वाजवलं त्या दिवशी. त्याच्या ठणक्यावर ठणका नको."

मी इतकी हसले की साडेसहा होऊन गेले ते कळलंच नाही. त्या दिवशी शाळेत मला पाच मिनिटं उशीर झाला. तेवीस वर्षांच्या नोकरीतला तो बहुधा पहिलाच.

मग रोजच काहीतरी निघायला लागलं. कारखान्यात यंत्राच्या आवाजात ते सूर कसे पाठ करायचे, पहिलं क्लॅरनेट कोणाचं होतं, आईला मागणी घालायला गेलेले तेव्हा तिच्या भावाने "काहीतरी वाजवून दाखवा" म्हटलं आणि यांची बोबडी कशी वळली. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. आई आतून दुरुस्त्या करायची. "भाऊ नव्हता तो, चुलतभाऊ." मला हे सगळं फार आवडायला लागलं. पण मी तसं बोलून दाखवलं नाही. मी घड्याळ बघायची आणि म्हणायची, "अजून नऊ मिनिटं."

महिन्याभराने डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. मी गेले ती शाबासकी घ्यायला. चूळ बंद, पाणी बंद, खडीसाखर बंद, आता काय राहिलं? डॉक्टरने सळी लावली आणि कपाळाला आठी घातली. "अजून मऊच आहे, काका. फारसा फरक नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "पेस्ट कुठली वापरतात?"

आमच्या घरात काही वर्षांपासून लवंग-कडुलिंबाची एक काळपट पेस्ट येते. ती मीच सुरू केली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी फ्लोराइड हे विष आहे असा मेसेज टाकला होता. त्यातलं सगळं मी मानलं नव्हतं. पण काही गावांत बोअरच्या पाण्यात ते फार असतं, त्याने दातांवर डाग पडतात आणि हाडं वाकतात, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. म्हणून आपलं झाडपाल्याचं बरं, असं ठरवून मी स्वतःच्या घरी आणि माहेरी दोन्हीकडे ती लावून दिली आणि विसरून गेले. डॉक्टरने पहिल्याच दिवशी फ्लोराइडवाली पेस्ट म्हटलं होतं, ते माझ्या डोक्यात चुळेच्या धक्क्याखाली गाडलं गेलं. पेस्ट म्हटली की त्यात ते असणारच, असं मी धरून चालले.

मी नाव सांगितलं तसा डॉक्टरने फोनवर त्या खोक्याचा फोटो शोधून काढला आणि मला घटकांची यादी वाचायला दिली. मी दोनदा वाचली. लवंग होती, कडुलिंब होता, बाभूळ होती. फ्लोराइड नव्हतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या शाळेत माझा एक उपक्रम प्रसिद्ध आहे. मुलांनी घरातली रिकामी पाकिटं आणायची आणि त्यांवर छापलेलं सगळं वाचायचं. कशात किती मीठ, किती साखर. "वाचल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही," हे वाक्य मी वर्षातून निदान शंभर वेळा म्हणत असेन. आणि वडिलांना महिनाभर मी चूळ भरू दिली नव्हती, ती दातावर कडुलिंब राहावा म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

मी आप्पांकडे बघायचं टाळत होते. खुर्चीतून बारीक आवाज यायला लागला. आधी वाटलं खोकतायत. ते हसत होते, तोंडात कापूस असल्यामुळे नीट हसता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलेलं. "महिनाभर," ते कापसातून म्हणाले, "महिनाभर उष्ट्या तोंडाने बसवलं मला हिने." मग डॉक्टरही हसायला लागली आणि शेवटी मी पण.

"आणि ते विषाचं?" हसणं थांबल्यावर मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, "आमटीत मीठ लागतंच ना? मूठभर पडलं तर आमटी फेकून द्यावी लागते. वर्षानुवर्षं पाण्यातून फार पोटात जाणं वेगळं आणि वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकणं वेगळं." विज्ञानाच्या शिक्षिकेला हे फरसाणाच्या दुकानावर बसून ऐकावं लागलं.

फरसाणाच्या शेजारच्याच औषधाच्या दुकानात मी उभ्या उभ्या तीन खोकी वाचली आणि चौथं घेतलं. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता ही चालते कशावरून?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही एक प्रयोग केला. दोन अंडी घेतली. अंड्याच्या कवचात कॅल्शियम असतं आणि ॲसिड त्याला खातं, म्हणून दाताच्या जागी अंडं. एकाला जुनी पेस्ट फासली, दुसऱ्याला नवी, आणि दोन दिवस तशीच वाटीत ठेवली. मग दोन्ही पुसून, धुऊन, वेगवेगळ्या पेल्यांत व्हिनेगरमध्ये सोडली. जुन्या पेस्टच्या अंड्यावर लगेच बुडबुड्यांची झुंबड उडाली. नव्या पेस्टच्या अंड्यावरही बुडबुडे आले, पण तुरळक आणि उशिरा. वर्गात मांडण्याइतका स्वच्छ निकाल काही तो नव्हता. आप्पा मात्र दोन्ही पेल्यांसमोर खुर्ची टाकून बसलेले. "हे बघ, ॲसिडचं काम चालू झालं," असं ते प्रत्येक बुडबुड्याला म्हणत होते. आईने दोन अंडी फुकट गेल्याचं दुःख दिवसभर बोलून दाखवलं.

त्यानंतरचा हिवाळा आमचा छान गेला. नवी पेस्ट, तोच अर्धा तास, त्याच दोन खुर्च्या. थंडीत आप्पा कानटोपी घालून बसायचे. दिवसा घसा सुकला तर घोटभर साधं पाणी, तेवढी मुभा होती. लेपाची दुसरी वेळ होती त्या दिवशी डॉक्टरने कडक काही चावायला मना केलं, आणि नेमके त्याच दिवशी समोरच्यांनी भाजलेले चणे आणून दिले. आप्पांना बंदी, आईला कवळीत अडकतात. आई म्हणाली, "चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण या घरात दोघांना पुरून उरते." चणे मी खाल्ले.

क्लॅरनेटबद्दल आप्पा बोलत नव्हते. त्याची पेटी पलंगाखाली होती. मी एकदा म्हटलं, "जरा वाजवून बघा ना." ते म्हणाले, "बघू." मी विषय वाढवला नाही. सुट्टी लागली तरी मी सहाला जातच होते. वैशाख जवळ येत चालला तशी माझी झोप उडायला लागली. आप्पा मात्र बँडच्या गोष्टी सांगत मजेत होते आणि मला त्याचं नवल वाटायचं.

पौर्णिमेच्या आधी आठवडाभर आम्ही शेवटच्या तपासणीला गेलो. डॉक्टरने आरसा घातला, दिवा जवळ ओढला आणि सळी त्या तपकिरी रेघेवर टेकवली. मी खुर्चीचा हात धरून उभी होते. सळी रुतली नाही. तिने परत टेकवली, ओढून बघितली. घसरत गेली. दोन्ही दातांवर तेच.

"कडक झालंय," ती म्हणाली. "डाग आहे, तो जाणार नाही. उलट आणखी काळा दिसतोय. पण कीड थांबलीय, काका. वाजवा खुशाल."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. आप्पांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि डॉक्टरला विचारलं, "म्हणजे आता बंद करायचं सगळं?"

"नाही हो. पेस्ट, चूळ नाही, लेप, हे सगळं कायमचं. पण आता तुम्हाला सवय झाली. रोज कोणी समोर बसायची गरज नाही. ताईंना सकाळची झोप मिळू दे."

आप्पांनी मान हलवली. परतताना रिक्षात ते एकदम गप्प झाले. एवढी चांगली बातमी मिळाली आणि हे असे का, ते मला कळेना. दातावरच्या काळ्या डागाचं वाईट वाटत असेल, अशी मी समजूत घातली. "वाजवताना डाग कोणाला दिसतोय?" मी म्हटलं. ते म्हणाले, "डागाचं काय मेलं."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरलेलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे खिरीच्या पातेल्याशी बायकांची लगबग. वंदना झाली. विहाराचे कार्यवाह माइकवर आले आणि म्हणाले, "इतकी वर्षं आपण ज्यांचं क्लॅरनेट ऐकत आलो, ते आज आपल्यासाठी शेवटचं वाजवणार आहेत. पुढच्या वर्षीपासून त्यांनी दुसरी सोय करायला सांगितलंय."

मी आईकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

आप्पा उठून माइकपाशी गेले. क्लॅरनेट एका हातात, दुसऱ्या हाताने माइक खाली ओढत. "ते मी दिवाळीनंतर सांगितलेलं," ते म्हणाले. "तेव्हा दात जाणार असं धरून चाललेलो. दात वाचले हे सांगायचं राहून गेलं. दुसरी सोय बघू नका." लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी खालचा ओठ दुमडला, ते दोन दात टेकवले आणि वाजवायला लागले. पहिले दोन सूर जरा फाटले, सहा महिन्यांची धूळ होती. तिसऱ्याला सूर लागला आणि मग पाऊण तास मी इकडेतिकडे बघितलं नाही. मी लहानपणापासून ऐकतेय, पण इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं.

खीर घेऊन आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही दिवाळीनंतरच आशा सोडलेली?"

"हो."

"मग सहा महिने एवढं सगळं कशाला पाळलंत? चूळ नाही, पाणी नाही, थंडीत बाहेर बसणं. दात जाणारच वाटत होतं तर?"

आप्पांनी खिरीचा द्रोण खाली ठेवला.

"तू यायचीस ना, बाय," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून तू कधी अर्धा तास बसलेलीस माझ्यासमोर?"

मी खिरीत चमचा फिरवत राहिले. तेच पुढे म्हणाले, "आता डॉक्टरबाई म्हणाल्या तुला यायची गरज नाही. त्यांचं बरोबर आहे म्हणा."

"डॉक्टरांना काय कळतंय?" मी म्हटलं. "उद्या सहाला येते. दोन्ही खुर्च्या बाहेर काढून ठेवा."